के. पी.

के. पी. म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत पहिले तीन आठवडे कुणालाच माहीत नव्हतं. आणि माहीत नसलेला प्रत्येक माणूस माहीत असल्यासारखी मान हलवत होता.

सातारा हा अक्षरांचा मान राखणारा जिल्हा आहे. पी. एस. आय., एस. टी. आय., बी. डी. ओ., डी. वाय. एस. पी. यांपैकी काहीही कुणाच्या नावाला चिकटलं की पोवई नाक्यावर फ्लेक्स चढतो. त्यात गुलालानं माखलेला एक मुलगा आणि त्याच्याखाली पंधरा शुभेच्छुकांची डोकी. त्यामुळं शाहूपुरीतल्या आमच्या तात्यांनी एके सकाळी दूध घेता घेता "आमचा सोन्या तिकडं के. पी. झाला" असं सांगितलं, तेव्हा पुढचं कुणी विचारलं नाही. एकानं मला बाजूला घेऊन हिशेब मांडला. अक्षरं जितकी कमी तितकं पद मोठं. डी. वाय. एस. पी.ला चार, एस. पी.ला दोन. म्हणजे के. पी. हा एस. पी.च्याच आसपास कुठंतरी असणार.

मी मात्र विचारू शकत होतो, कारण मी जामीन आहे. सोन्याच्या शैक्षणिक कर्जाला तात्यांचा वाढे फाट्याजवळचा प्लॉट तारण आहे आणि कागदाच्या तळाशी माझी सही आहे. त्या सहीपासून मला या मुलाच्या प्रकृतीची, अभ्यासाची आणि चारित्र्याची जी काळजी लागून राहिली आहे, ती सख्ख्या काकालाही लागणार नाही. कर्जाच्या कागदावर त्याचा उल्लेख 'चिरंजीव' असा आहे. बँकेनंही ते मनापासूनच लिहिलं असावं.

असे चिरंजीव आता आमच्याकडं घरटी नसले तरी गल्लीटी एक आहेत. पूर्वी मुलगा मिलिटरीत जायचा, मुंबईला गोदीत किंवा माथाडीत जायचा, नाहीतर पुण्याला कंपनीत. आता तो मास्टर्सला जातो. कशात मास्टर्स, हे घरात एकालाच सांगता येतं आणि तो विमानात बसलेला असतो. आमच्या चिरंजीवांचा विषय 'इंटरनॅशनल' या शब्दानं सुरू होऊन 'मॅनेजमेंट'नं संपतो. मधला शब्द तात्या दर वेळी वेगळा सांगतात.

सप्टेंबर २०२५मध्ये ते लेस्टरला गेले. जाण्याआधीचा एक सोहळा मात्र सांगायलाच हवा, कारण पुढची सगळी भांडी त्यातूनच निघाली. विलायतेच्या व्हिसाला फी सोडून नऊ महिन्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च आधी दाखवावा लागतो. लंडनच्या बाहेर तेव्हा तो महिना १,१३६ पौंड धरत. नवानं गुणलं की १०,२२४. आणि नुसते दाखवून भागत नाही, सलग २८ दिवस खात्यात बसवावे लागतात. आमच्याकडं गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, फार तर अनंत चतुर्दशीपर्यंतचा. विलायतेचा गणपती अठ्ठावीस दिवसांचा. त्याची मूर्ती आम्ही सगळ्यांनी मिळून घडवली. उसाचं बिल, विट्याच्या मामांचे पैसे, सांगलीच्या मावशीची मोडलेली एफडी आणि माझे दोन लाख. तात्या रोज सकाळी आंघोळ करून मोबाईलवर खात्याचं दर्शन घेत. मध्येच एलआयसीचा हप्ता आपोआप कापला जाईल म्हणून ते दोनदा विमा कार्यालयात जाऊन "या महिन्यात माझा विमा काढू नका" असं सांगून आले. त्या अठ्ठावीस दिवसांत तात्यांना काही झालं असतं तरी चाललं असतं, शिल्लक हलायला नको होती.

एकोणतिसाव्या दिवशी विसर्जन झालं. मावशीचे मावशीला, मामांचे मामांना. माझे दोन लाख 'पुढच्या वर्षी लवकर' येणार आहेत. म्हणजे विलायत सरकारच्या कागदावर चिरंजीवांच्या खिशात दहा हजार पौंड होते, आणि प्रत्यक्षात खिशात होते कंदी पेढे. विमानातून उतरलेल्या माणसाला नोकरी का शोधावी लागते, याचं कारण कुणाला कळत नसेल तर हे त्याच्यासाठी सांगितलं.

नोकरी तरी कसली शोधायची? पहिला सल्ला सांगलीहून आला. चिरंजीवांचं आजोळ सांगलीचं, मावशी विश्रामबागेत. ती म्हणाली, "भडंग करून वीक म्हणावं. तिथं सगळे आपलेच लोक आहेत." सल्ला वाईट नव्हता, पण विद्यार्थ्याच्या व्हिसावर तिथं स्वतःचा धंदा करता येत नाही. पैसे घेऊन खेळाडू म्हणून उतरता येत नाही, म्हणजे कुस्ती गेली. आणि पैसे घेऊन लोकांची करमणूकही करता येत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या सांगलीच्या नातवाला करमणुकीची बंदी! मावशीला हे फार लागलं. "मग पोरानं करायचं तरी काय?" असं तिनं विचारलं. करायला मुभा होती ती आठवड्याला वीस तास नोकरी करायची.

हे वीस तास म्हणजे आमच्याकडच्या टेंभू-म्हैसाळच्या आवर्तनासारखं प्रकरण आहे. पाणी येतं, पण पाळीनं आणि मोजून. विश्रामबागेतल्या मावशीच्या अपार्टमेंटमध्ये चार घरांतली चार मुलं चार देशांत आहेत, आणि संध्याकाळी खाली बाकावर बसून तीन आया नि एक मावशी आपापल्या मुलांच्या तासांची तुलना करतात. कॅनडाच्या मुलाला चोवीस तास आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मुलाला पंधरवड्याला अठ्ठेचाळीस, म्हणून त्याची आई ते मुद्दाम पंधरवड्याचेच सांगते. जर्मनीच्या मुलाला वर्षाला १४० पूर्ण दिवस, त्याचं गणित अजून कुणी सोडवलेलं नाही. मावशीच्या भाच्याला वीसच. "इंग्रज पहिल्यापासून हात आखडता," असं म्हणून ती विषय बदलते.

चिरंजीव हे तास ज्या निष्ठेनं सांभाळतात, त्या निष्ठेनं त्यांनी आयुष्यात काही सांभाळलेलं नाही, अगदी दुचाकीसुद्धा. तास सोमवार ते रविवार मोजायचे. मालक म्हणतो आज जरा थांब. रविवारी रात्री साडेनऊला चिरंजीवांचा विसावा तास भरतो, आणि हातात अर्धी घासलेली कढई असताना ते एकादशीला कुणी कांदाभजी पुढं केल्यासारखे दोन पावलं मागं सरतात. एकविसावा तास म्हणजे व्हिसा गेला, व्हिसा गेला म्हणजे प्लॉट गेला. (आणि मी.) मे महिन्यात सुट्टी लागली की दुप्पट काम करील, असा तात्यांचा अंदाज होता. पण मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा प्रबंध लिहिण्यात मोडतो, तो सुट्टीत धरत नाहीत. तात्यांना हे अजून पटलेलं नाही. "मे महिना म्हणजे सुट्टी. जगात कुठंबी," ते म्हणतात.

आता कढईचा उल्लेख माझ्याकडून आधीच होऊन गेला, तेव्हा पुढचं लपवण्यात अर्थ नाही.

पहिले दोन महिने चिरंजीव व्हिडिओ कॉलवर 'लॅबमध्ये' असत. तिकडची लॅब आम्हाला सगळ्यांना आवडली. मागं चकचकीत स्टीलची कपाटं, वाफ, चिरंजीवांच्या अंगात रबरी ॲप्रन, हातात कोपरापर्यंत मोजे. मॅनेजमेंटला लॅब कशाला, हा प्रश्न माझ्या मनात आला होता, पण जामीनदारानं काही प्रश्न मनात ठेवलेले बरे. वहिनी, म्हणजे सोन्याची आई, गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवत, "बघा, किती स्वच्छता!" एकदा मागून कुणीतरी मोठं भांडं आपटलं आणि हिंदी-बंगालीच्या मधल्या कुठल्याशा भाषेत ओरडलं. चिरंजीव म्हणाले, "प्रोफेसर आहेत."

फुटलं ते हळदीनं.

चिरंजीवांचे सांगलीचे आजोबा मार्केट यार्डातले. हयात हळदीच्या सौद्यात गेलेली. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे आणि घरी आल्यावर दोन वेळा साबण लावूनही नखं पिवळी राहायची. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ते असते तर कागदावर पिवळाच अंगठा उठला असता. त्यांच्या लेकीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, डिसेंबरात एका रात्री पडद्यावर चिरंजीवांचा हात पाहिला. मोजा काढलेला होता. नखं पिवळी, बोटांची पेरं पिवळी, तळहाताच्या रेषांत पिवळं साचलेलं.

वहिनी पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सोन्या, खरं सांग. हळद लागली का रे?"

घरात शांतता. तात्यांच्या हातातला रिमोट खाली आला. आईच्या डोळ्यांपुढं गोरी सून, परस्पर लागलेलं लग्न, न बोलावलेले पाहुणे आणि वाया गेलेले मानपान असं सगळं एका क्षणात उभं राहिलं असणार. त्या थेट रडायलाच लागल्या. चिरंजीवांना वाटलं, हॉटेलातल्या हळदीचं घरी कुणीतरी कळवलं. तेही रडवेले झाले. "आई, मी सांगणारच होतो," ते म्हणाले. "किती दिवस झाले?" "दोन महिने." "कोण आहे?" "सिल्हेटचा आहे. चांगला माणूस आहे, जेवायला देतो."

'आहे'च्या आधी 'चा' ऐकून तात्या खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

हा गोंधळ निस्तरायला वीस मिनिटं लागली. लग्न झालेलं नाही, सिल्हेटचा बांगलादेशी मालक फक्त मालक आहे, विलायतेतली बरीचशी 'इंडियन' हॉटेलं त्याच्याच गाववाल्यांची आहेत, आणि के. पी. म्हणजे किचन पोर्टर, हे सगळं एका दमात बाहेर आलं. लग्न झालं नाही या आनंदात वहिनींनी भांडी घासणं ऐकूनच घेतलं नाही. ते त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वतःची भांडी घासताना उमगलं.

किचन पोर्टर हा स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात ओला माणूस. ताटातलं उरलेलं खरवडायचं, ताटं जाळीत उभी लावायची, वरून पाण्याचा फवारा मारायचा, जाळी मशीनमध्ये ढकलायची, दोन-तीन मिनिटांत ती वाफेसकट बाहेर येते, तोवर पुढची तयार पाहिजे. करपलेल्या कढया नि पातेली मशीन घेत नाही, ती हातानं. शेवटी फरशी. शनिवारी रात्री या माणसाचे हात थांबले तर अर्ध्या तासात आचाऱ्याकडं ताट उरत नाही आणि सगळं हॉटेल उभं राहतं. एवढं मोठं पद आणि अक्षरं दोनच, म्हणजे आमच्या गल्लीचा अंदाज अगदीच चुकला नव्हता.

आता या चिरंजीवांचा पूर्वेतिहास. हा मुलगा बावीस वर्षं ताटात हात धुऊन उठला. पाण्याचा तांब्या त्याच्यापासून हातभर लांब असला तर तो तहान लागली नाही असं ठरवत असे. बी.टेक.ला वालचंदला असताना दर शनिवारी सांगलीहून मळक्या कपड्यांची बॅग एस.टी.नं साताऱ्याला यायची आणि सोमवारी इस्त्री होऊन परत जायची. बॅगेबरोबर कधीकधी चिरंजीवही येत. अशा माणसानं भारत सोडून साडेसात हजार किलोमीटरवर जावं आणि अनोळखी लोकांच्या ताटातलं लोणचं खरवडावं, यात कुणाचा काय नवस होता कळत नाही. आता तो बोलतो ते वेगळंच. "भावा, शुक्रवारची शिफ्ट सोडतोय, उचलतो का?" अशी भाषा. एका घरात कराडचा, विट्याचा, तासगावचा आणि हा, संडास घासण्याच्या पाळ्या फ्रिजवर लावलेल्या. संध्याकाळी दुकानात उरल्या मालावर उतरलेल्या किमतीचं पिवळं लेबल कधी चिकटवतात ते त्यांना विद्यापीठाच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं पाठ. इंग्रजी सुधारेल म्हणून गेला होता. चार महिन्यांत सिल्हेटी उत्तम झाली, पंजाबी बरी झाली, इंग्रजी होतं तिथंच आहे. फेसबुकला मात्र फोटो विद्यापीठाच्या दारातला, लांब कोट घालून. त्या कोटाच्या बाह्यांत दडलेली बोटं पिवळी आहेत, हे आता आम्हाला ठाऊक.

प्रश्न होता आबांना सांगायचं कसं. आबा म्हणजे तात्यांचे वडील, वय सत्त्याऐंशी. नातवाचं विलायतेला जाणं त्यांनी छातीवर बिल्ल्यासारखं लावलेलं. त्यांना धक्का बसेल म्हणून आम्ही चौघं त्यांच्या खोलीत गेलो, खिडकी उघडली, पाणी जवळ ठेवलं. तात्यांनी घसा साफ केला. "आबा, सोन्या तिकडं शिकतो, आणि… जरा कामबी करतो."

"मग?"

"भांडी घासायचं काम हाय."

"मग?" आबा पुन्हा म्हणाले. त्यांना पुढं काय वाईट बातमी आहे ते ऐकायचं होतं. ती येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच विचारलं, "किती तास?"

"वीस."

"वीस जरा जास्त हुत्यात," आबा विचार करून म्हणाले. "पोरानं झोपायचं कवा?"

"दिवसाला नव्हं, आबा. आठवड्याला."

आबांनी चष्मा काढून पुसला. "आणि ऱ्हायलेला आठवडा?"

आबा रयतेचे. म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे. साताऱ्यात नुसतं 'रयतेचे' म्हटलं की पुरतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले इथं संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्याला आणली आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. तिथल्या योजनेचं नावच 'कमवा आणि शिका.' आबा तिथं पन्नाशीच्या दशकात शिकले. सकाळी खोरं, दुपारी शेक्सपिअर. अण्णा, म्हणजे कर्मवीर, स्वतः उमेदीत किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले. त्यांच्यापुढं कामाची लाज वाटते असं सांगायला कुणाची जीभ रेटणार? वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट आबा दरवर्षी एकदा सांगतात आणि दरवर्षी मध्येच थांबतात. त्या दिवशीही थांबले. मग म्हणाले, "आमी शंभर पोरांच्या भाकरीचं पीठ मळलंय. ह्यानं दोन ताटं इसळली तर तुमी खिडक्या काय उघडताय?"

मी म्हटलं, "आबा, पण तासाला १२ पौंड २१ पेन्स मिळतात."

इथं मात्र आबा सरळ बसले. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली ७ नोव्हेंबरला ज्यांचं नाव पटावर चढलं, ते डॉ. आंबेडकर पुढं न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा बडोदा सरकारची शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड होती, हा आकडा आबांना तोंडपाठ. "त्या माणसानं महिनाभर साडेअकरा पौंडांत पोट भरलं, अभ्यास केला आणि वर पुस्तकं घेतली," ते म्हणाले. "तुझा ल्योक तासाला बारा घेतोय. पुस्तक कंचं घेतलं, इचार." आम्ही विचारलं. चिरंजीवांनी पाणी न लागणारा हिवाळी बूट घेतला होता.

महागाई वगैरे समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला शंभर वर्षांची महागाई समजावायला जेवढा वेळ लागेल, तेवढा आमच्या दोघांकडंही नसावा.

विट्याचे मामाही आबांच्याच पक्षात गेले. त्यांचा गलाईचा धंदा. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. खानापूर-आटपाडीकडची माणसं या धंद्यापायी देशभर पांगली, पिढ्यान् पिढ्या. मामा तेराव्या वर्षी कोइमतूरला गेले, तेव्हा त्यांना तमिळमधला एकच शब्द येत होता आणि तोही चुकीच्या जागी वापरत. ते फोनवर म्हणाले, "दाजी, आम्ही सोनारांच्या दुकानातला केर इकत घेतो आणि त्यातनं सोनं काढतो. ह्यो ताटातला केर काढतोय. धंदा घरचाच हाय की!"

तात्यांना एवढ्यावर समाधान झालं नाही. शेतकऱ्याचं समाधान आकड्यानं होतं, म्हणून ते कॅलेंडरच्या मागं हिशेबाला बसले. पौंडाचे एकशे पंधरा धरले तर तासाला चौदाशे. उसाचा टन पस्तीसशे. म्हणजे अडीच तास भांडी घासली की एक टन. वीस तासांचे आठ टन! आठवड्याला आठ टन, तेही लागण नाही, खोडवं नाही, तोडीला मुकादमाच्या पाया पडणं नाही आणि काट्यावर वजन मारणारा नाही. तात्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी खर्चाची बाजू मांडली. खोलीभाडं महिन्याला अठरा टन. बसचा पास दोन टन. केस कापणं साडेचार क्विंटल. कॉफीचा एक कप एक क्विंटलाच्या वर. "एका कपाला पन्नास उसं?" तात्यांनी पेन खाली ठेवलं. त्या रात्री त्यांनी चिरंजीवांना फोन करून सांगितलं की चहा घरी पी.

मात्र गल्लीत त्यांनी काही दुरुस्ती केली नाही. के. पी. ते के. पी.च राहिले. उलट आता त्यांना पदाची माहिती असल्यामुळं बोलण्यात वजन आलं. "सगळं हॉटेल त्याच्यावर चालतं," ते सांगत, आणि ते खोटं नव्हतं. "त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय एक ताट पुढं जात नाही." हेही खरं. "मशीनवर असतो." अगदी खरं. माणूस खरं बोलून किती लांब जाऊ शकतो ते मला तात्यांनी दाखवलं.

एप्रिलात, ईस्टरच्या सुट्टीत, चिरंजीव पंधरा दिवस आले. पुढं १७ मेपासून अधिक ज्येष्ठ, त्यामुळं लग्नांची झुंबड उडालेली. त्यांच्या चुलत बहिणीचंही लग्न होतं, कोरेगाव रस्त्याच्या एका कार्यालयात. तात्यांनी दुहेरी बेत केला होता. मिरजेकडचे एक पाहुणे यायचे होते, मुलगी फार्मसी झालेली. चिरंजीवांना तो कोट घालून उभं करायचं, बाकीचं के. पी. सांभाळून घेईल.

अक्षता पडल्या, पंगत सुटली, पाहुणे आले. कोट खुर्चीवर होता. चिरंजीव नव्हते.

तात्यांनी मला शोधायला पाठवलं. असली कामं जामीनदाराकडंच येतात. स्टेजमागं, पार्किंगमध्ये, पानाच्या टेबलापाशी कुठंच नाही. शेवटी कार्यालयाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ आबा खुर्ची टाकून बसलेले दिसले. त्यांच्यापुढं भांडी घासायला आलेल्या चार बायका, ताटांचा कमरेएवढा ढीग, आणि त्या ढिगापलीकडं बाह्या सारून उभे आमचे चिरंजीव. ताटं एकीकडं, वाट्या एकीकडं, चमचे पाण्यात भिजत टाकलेले. तो एका मावशींना सांगत होता, "आधी खरवडून घ्यायचं, मग पाणी. नाहीतर पाणी घाण होतं." मावशी गेली वीस वर्षं तेच करत असणार, पण पोरगं सांगतंय म्हणून ऐकत होत्या.

"अरे, काय करतोयस?" मी म्हटलं. "पाहुणे थांबलेत!"

"काका, दोन मिनिटं. हा ढीग बघवंना. जेवताना सारखं लक्ष इकडंच जायला लागलं." त्याचे हात थांबले नव्हते. ताट उचललं, खरवडलं, वळवलं, ठेवलं. आबा मान हलवून ठेका धरत होते.

तेवढ्यात माझ्यामागून तात्या आले, आणि तात्यांच्यामागून मिरजेचे पाहुणे. कुणीच काही बोललं नाही. पाहुण्यांनी एकदा ढिगाकडं पाहिलं, एकदा चिरंजीवांच्या बोटांकडं. तात्यांच्या तोंडात के. पी. अडकलं होतं ते बाहेरही येईना, आत पण जाईना.

सगळ्यांत म्हाताऱ्या मावशींनी पदरानं कपाळ पुसलं आणि आबांना विचारलं, "पोरगं तुमचं हाय व्हय? हात चांगला चालतोय. उद्या वाईला मांडव हाय, ईल का?"

चिरंजीवांनी वर पाहिलं. सवयच ती. "किती तास?"

"तास?" मावशी हसल्या. "ताटं सपत्याली तवर."